शून्य नंबरची काउंटी

"आमची काउंटी शून्य? लहानपणी तुझ्या ताटात आम्ही काय शून्य वाढत होतो का रे, मायलो?"

आर्डिस आत्याने भर सभेत तोफ डागली, तसा मायलो हातातली जर्दाळू भरलेली कोलाची, चेक लोकांचा गोड पाव, ताटलीत ठेवून उभा राहिला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या या काउंटीची, म्हणजे छोट्याशा जिल्ह्याची, ती अध्यक्ष. तो तिचा भाचा, लिंकन शहरातल्या विद्यापीठात जनगणना खात्याची माहिती चाळणारा. राज्याच्या नकाशात ही काउंटी आधी कोरीच होती, कारण काउंटीच्या जागी शून्य नंबर असलेल्या माणसांच्या सगळ्या ओळी मायलोच्या साहेबांनी बिनकामाच्या म्हणून उडवल्या होत्या. मायलोने भांडून त्या परत आणल्या आणि लहान काउंट्यांना मिळून एकच रंग दिला. आता या सगळ्या काउंट्यांनी सरकारी मदतीसाठी एकत्र अर्ज केला तर इथली अॅम्ब्युलन्स टिकणार होती. अर्जावर फक्त आत्याची सही राहिली होती.

"बिननावाच्या कळपात आम्ही जाणार नाही," आत्या म्हणाली. "नकाशावर आमचं नाव घाल, मग सही."

"नाव खात्याने मलाही दिलेलं नाही, आत्या. माणसं मोजकी असली की ते काउंटीचं नाव झाकतात आणि शून्य लिहितात. का, ते दाखवू? ही ओळ मी माझ्या मनाने रचतोय हं. बाई. वय एकाहत्तर. नवरा नाही. शाळेची बस चालवते. घरात चेक भाषा बोलते."

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम आत्याकडे वळल्या.

"बघितलंस? शिकागोत हीच ओळ वाचली असती, तर कुणी ढिम्म हललं नसतं."

"आणि पोरं चढायच्या आत बस हाकते, तेही लिही!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मायलोचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या देशात नाव न घेता ओळखू येणारी ही त्याची माणसं होती.

आत्या हसली नाही. चष्मा पुसून तिने अर्ज पुढ्यात ओढला आणि माहेरच्या-सासरच्या दोन्ही आडनावांसकट आपलं पूर्ण नाव, रेघेबाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं.