गोजरबाईची नजर

“तिची नजर लागते म्हणूनच जनावरं मरून राह्यली!” शेषराव चावडीवर ओरडला. “तिले आजच गावाबाहेर काढा.”

अमडापुरात महिनाभरात चार बैल मेले होते. गोजरबाई विधवा, एकटी. तिचं पाच एकर काळं रान शेषरावाच्या मळ्याला लागून होतं. लोकांच्या हातात दगड होते.

नागपूरहून मास्तरकी शिकून आलेले चिंतामण मास्तर आडवे आले.

“ती पाहते म्हणूनच मरतात, हे आधी पडताळून पाहू. दहा जनावरं एकाच गोठ्यात बांधा. चारा तोच, पाणी तेच. चिठ्ठ्या टाकून पाच निवडू आणि तेवढीच तिला दाखवू. तोवर ती माझ्या घरात राहील.”

“अन् तेच पाच मेले तं?”

“मीच तिला शिवेबाहेर सोडून येईन.”

“मंग गोठ्याची किल्ली मायापाशी राहीन,” शेषराव म्हणाला. “तुमचा काय भरोसा?”

मास्तर कबूल झाले. दहांत गावातल्या उत्तमरावाचे दोन बैल होते आणि मास्तरांची दुभती गायही. चिठ्ठीत ही तिन्ही दाखवायच्या पाचांत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या घरातून काळ्या लुगड्यातली बाई निघाली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. कुणी थुंकलं, कुणी शेण फेकून मारलं. ती तशीच गोठ्याकडं चालत गेली. बाहेर आणलेल्या पाचांतल्या एकेका जनावरापुढं तिनं पदर वर केला, तसे सगळे भीतीनं तोंड फिरवून उभे राहिले.

त्यानंतर चारा-पाणी शेषरावच करी. दुसऱ्या कुणाला तो दारातही उभं राहू देईना.

चौथ्या दिवशी त्यानं गोठा सगळ्यांसमोर उघडला. उत्तमरावाचे दोन्ही बैल आणि मास्तरांची गाय मरून पडली होती. तिन्ही दाखवलेल्या पाचांतली. न दाखवलेली पाचही रवंथ करत होती.

मास्तर गाईच्या मानेवर हात ठेवून खाली बसले.

“आता बोला ना, मास्तर!” शेषराव म्हणाला.

“काय बोलू? दाखवलेलीच मेली.”

“माये बैल!” उत्तमराव कुऱ्हाड घेऊन मास्तरांच्या घराकडे धावला. मागं सगळा गाव. शेषरावानं आतून त्या बाईला हाताला धरून ओढत अंगणात आणलं आणि तिचा पदर ओरबाडला.

ती मास्तरांची बायको होती, प्रतिमा.

“गोजरबाई चिठ्ठ्या टाकल्या त्या रात्रीपासूनच मेहकरला बहिणीकडं आहे,” मास्तर म्हणाले. “यातलं एकही जनावर तिनं पाहिलेलं नाही.”