वीट पाडणारा फान

"मकबरा नको, राजवाडा नको. मला भिंत दाखव," म्हातारा फान म्हणाला.

मिआओ छिंगने दिवसभराचा बेत लिहिलेला कागद घडी घालून खिशात टाकला. नऊ वर्षं ती लोकांना नानजिंग दाखवत होती. एकट्यासाठी अख्ख्या दिवसाचा गाइड ठरवणारी माणसं सहसा महागडे कॅमेरे घेऊन येत. हा चियांगशीतल्या खेड्यातून पॅसेंजर गाडीने आला होता, पायात कापडी बूट, हातात कागदाचा तुकडा. तुकड्यावर दोन अक्षरं.

"वंशावळीतून मास्तरांनी उतरवून दिलंय. फान हुंग. ह्या भिंतीसाठी विटा पाडल्या त्यानं. मला आडनाव तेवढं ओळखू येतं, तेही कागदावर. विटेवरचं तू वाच."

शहराच्या जुन्या तटाच्या ह्या भिंतीतल्या विटांवर नावं आहेत, हे छिंग रोज सांगे. वीट कच्ची निघाली तर कुणाची मान धरायची ते कळावं, म्हणून सहाशे वर्षांपूर्वी बादशहाने ती उमटवायला लावली होती. आधी जिल्हा नि अंमलदार, मग मुकादम, मग भट्टीवाला, आणि सगळ्यात शेवटी वीट पाडणारा. लोक एखाद्या विटेचा फोटो काढत आणि पुढे जात. सगळ्या विटा वाच, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"ही?"

"वांग."

"ही?"

"पुसलीय, आजोबा."

"ही?"

"ही मागच्या दुरुस्तीतली. नवी आहे."

"ते दिसतंय मला. भाजणी बघ की. बिस्किटासारखी आहे."

दुपारपर्यंत ते तळ्याकाठच्या भिंतीच्या पायथ्याशी पोचले. छिंगचे पाय भरून आले होते. "चला, खारं बदक खाऊ," ती म्हणाली. "नानजिंगला येऊन बदक न खाता गेलं, तर बदकं रुसतात."

"रुसू देत. आमच्याकडचीही पाण्यातच पोहतात." त्याने पिशवीतून वाफवलेला थंड पाव काढला आणि अर्धा मोडून तिला दिला. दोघं दगडावर बसली.

"नाव सापडलं तर काय करणार?"

"सांगणार त्याला. भट्टी विझली म्हणून." म्हातारा पाव चघळत राहिला. "वसंतात शेवटची लावली. मीच लावली. ह्या हुंगपासून आतापर्यंत आमच्या घरात कुणी ना कुणी माती तुडवतच होतं. कुणाला तरी कळवायला नको?"

"मुलाला कळवलं?"

"तो शेन्झेनला कारखान्यात मोबाइल जोडतो. म्हणाला, बरं झालं बाबा, आता पाठ तरी दुखणार नाही तुमची."

साडेपाचला त्याची परतीची गाडी होती. तीन वाजले, सव्वातीन वाजले. म्हातारा वाकून वाकून एकेक वीट बोटाने दाखवत होता, छिंग वाचत होती, आणि पुढे भिंत संपतच नव्हती. तो आता बोलेनासा झाला होता. विटेकडे बोट करायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. ते बघणं तिला सोसेना.

आणि मग एका विटेवर फान आलं. जिल्हाही त्याचाच. पुढचं अक्षर मात्र दुसरं होतं. नाव होतं फान कुंग.

छिंगने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "आजोबा," ती म्हणाली, "हीच. फान हुंग."

म्हातारा गुडघे टेकून विटेसमोर बसला. चष्मा लावला, कागद ठशाच्या शेजारी धरला. एकदा कागदाकडे, एकदा विटेकडे, असं तो बराच वेळ करत राहिला.

"कागदावरच्या दुसऱ्या अक्षराला डाव्या अंगाला पाण्याच्या थेंबांसारखे तीन फटकारे आहेत. इथं नाहीत."

"सहाशे वर्षं झाली. झिजले असतील."

त्याने अंगठा ठशावरून फिरवला, हळूहळू, दोनदा. "झिजलेलं बोटाला लागतं, पोरी. इथं काही नव्हतंच. अक्षर मधोमध बसलंय."

छिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्ही रिकाम्या हातानं जाऊ नये, असं वाटलं मला."

"खोटंच ऐकायचं तर सात तास गाडीत कशाला बसलो असतो? पोरगा फोनवर सांगतोच की, नव्या वर्षाला येतो म्हणून." तो रागावला नव्हता. चष्मा न काढता विटेकडेच बघत होता. "हा कोण मग?"

"फान कुंग."

"आमच्या जिल्ह्यातला?"

"हो. ते खरं सांगितलं."

"वीट चांगली पाडलीय. कोपरे बघ." मग त्याने विचारलं, "तुझ्या नऊ वर्षांत ह्याला शोधत आलं कुणी?"

"नाही."

"मग हाक मार त्याला."

"मी?"

"वाचता तुला येतं. आणि नुसतं वाचू नकोस. दारात उभं राहून मारतात तशी मार."

जवळून दोन कॉलेजच्या मुली आइसक्रीम खात चालल्या होत्या. छिंगने त्या जाईपर्यंत वाट पाहिली, मग पुटपुटली, "फान कुंग."

"अशानं कुत्रंसुद्धा बाहेर यायचं नाही."

छिंगने घसा साफ केला. चाळीस माणसांच्या घोळक्यात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तिचा आवाज होता, तो तिने लावला.

"फान कुंग!"

पुढे गेलेल्या मुली वळून बघू लागल्या.

विटेवर तळवा ठेवून म्हातारा म्हणाला, "ओ."