पाठीवरचा डबा

सरपंच घड्याळाकडे बघत म्हणाले, "केरबाअण्णा गेले. दोन मिनिटं शांत उभं राहू."

अख्खं गाव विहिरीवर जमलं होतं. कारखान्यातली पाळी संपली की अण्णा इथे यायचे, पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना पोहायला शिकवायचे. आधी घरची, मग गावाची. राहिली फक्त त्यांची बायको. "उद्या बघू," म्हणत सगुणाबाईंनी त्यांना जन्मभर टोलवलं होतं.

आज त्यांनीच डबा उचलला. "शांतता त्यांना कधी मानवली? बांध गं पाठीला!"

"आई, या वयात?" म्हणत लेकीने दोरी आवळली.

धप्प! आधी डबा वर आला, मागोमाग सगुणाबाई. "अहो, आले बघा!"

पाठोपाठ गावाने धडाधड उड्या टाकल्या. सरपंचांनी तर हातातलं घड्याळही काढलं नाही.