करड्या लोकरीची बंडी

“ही बंडी कुणाची?”

सार्जंट लोझानोने ती खुंटीवरून काढली. करडी लोकर, रुंद खांदे. घरात तर पुरुष नव्हता.

एन्ग्रासियाच्या हातातला बटाटा निसटला. “फादर मातियासना विणलीय. चर्चमध्ये गारठा फार असतो.”

“लाल बावटेवाल्याची बायको आणि पाद्र्याचा एवढा कळवळा?”

“चांगल्या वर्तनाचा दाखला हवाय मला. त्यांच्या सहीशिवाय इस्पितळात कपडे धुवायलासुद्धा घेत नाहीत.”

ते खरंच होतं. यादवी युद्धात व्हॅलेन्सिया शहर हरलं त्याला दहा महिने झाले होते. पडक्या भिंती पुन्हा उभ्या राहत होत्या, पण हरलेल्यांना वीट उचलायलाही पाद्र्याचा दाखला लागे. तिचा नवरा एलिसेओ सापडला असता, तर त्याला त्याच भिंतीशी उभं करून गोळी घातली असती.

“नवरापण काय वल्ली निवडलीस!” लोझानो म्हणाला. “पाद्री व्हायला गेला, तुझ्या नादी लागून पळाला आणि छापखान्यात लाल झेंडा धरून बसला. लेकाने फोटोसुद्धा मागे ठेवला नाही. चल, फादरना बंडी घालून बघू. बसली नाही तर ती कुणाच्या मापाची आहे, ते तू सांगशीलच.”

त्याने तिला पुढे घालून चर्चकडे नेलं.

चर्चवर अजून ताडपत्रीच होती. फादर मातियास खोकत बाहेर आले. जाड चष्मा, बोलणं कमी; लढाई संपल्यावर उत्तरेकडून आलेले. लोझानोने बंडी त्यांच्या खांद्यांना लावली. नेमकी बसली.

“तुम्ही सांगितली होतीत विणायला?”

“मी कशाला सांगू?”

लोझानोने एन्ग्रासियाकडे वळून पाहिलं.

“पण आणलीच आहे, तर नाही कशाला म्हणू?” फादर म्हणाले.

लोझानो हसला, पण जागचा हलला नाही. “आता हिच्या पापांची कबुली घ्या. नवरा कुठे दडलाय, ते तुम्हाला तरी सांगेल.”

जुन्या कपाटाच्या फळ्या ठोकून केलेल्या कबुलीच्या खोक्यात फादर बसले. ती जाळीशी गुडघे टेकून बसली. शेजारणीच्या तेलाचा हेवा केला, रेशनच्या रांगेत शिव्या दिल्या, सगळं सांगून झालं. लोझानो दहा पावलांवर कान देऊन उभा होता.

“आणि नवरा?” फादरनी मोठ्यांदा विचारलं.

“तो कुठे आहे ते देवाला ठाऊक, फादर.”

“तीन वेळा प्रार्थना म्हण. दाखला मिळेल.”

लोझानो चरफडत बाहेर पडला. बुटांचा आवाज पार विरेपर्यंत ती थांबली. मग तिने जाळीला तोंड लावलं.

“झग्याच्या आत रोज घालत जा ती बंडी. किती खोकतोस रे, एलिसेओ!”