पहिल्या बेसपर्यंत

फीत दुसऱ्यांदा लावली तरी पहिल्या बेसपर्यंतचं अंतर अठ्ठावन्न फूटच भरलं.

"साठ हवं," पॉला म्हणाली. मुलांच्या बेसबॉल लीगची सेक्रेटरी म्हणून मैदान तपासायचं काम तिच्याकडे होतं. फटका मारून पोरं जिथून पळत सुटतात त्या होम प्लेटपाशी फितीचं टोक दाबून ती उकिडवी बसली होती. "कर्ट, तिकडचं टोक नीट धरलंयस ना?"

"धरलंय गं. बेसच जवळ आहे."

कर्टनं पहिला बेस, म्हणजे ती चौकोनी पांढरी गादी, उचलून बाजूला ठेवला होता. खाली सिमेंटमध्ये पक्की रोवलेली लोखंडी नळी दिसत होती. ती त्याच्या वडिलांनी, ऑरिन लिंडक्विस्टनी, स्वतःच्या हातानं बसवलेली. दर वसंतात मैदान ऑरिनच मोजायचा, आणि ऑरिननं मोजलं म्हटल्यावर पुन्हा मोजायची गावात कुणाची टाप नव्हती. जानेवारीत तो गेला, म्हणून यंदा फीत या दोघांच्या हातात आली.

तासाभरात मुलं येणार होती. कुंपणावरच्या नव्या पाटीला चादर गुंडाळली होती. चादरीखाली मैदानाचं नवं नाव होतं, म्हणजे ऑरिनचंच.

माणूसच तसा होता. बर्फ वितळायचा अवकाश, की पिकअपच्या मागे जाळीच्या कुंपणाचा तुकडा बांधून तो इथली माती सारखी करत फिरायचा. कुठल्याही पोराच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की खेळ थांबवून खाली बसायचा, मग पोर आपल्या संघातलं असो नाहीतर पाहुण्यांच्या. पण कितीही कामं असली तरी शनिवारी संध्याकाळी जेवायला घरी हजर. टेबलाशी एक जरी खुर्ची रिकामी दिसली तरी त्याला घास जायचा नाही. मैदानाच्या रेघा आखताना उडालेला चुना मात्र कानांवर तसाच. "आधी कान धू, मग बटाटे घे," हे त्याची बायको आर्डिस त्याला संसारभर सांगत आली.

आर्डिस आता पहिल्या बेसच्या बाजूला घडीची खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर कॉफीचा थर्मास होता.

"बाबांची मोजायला चूक झाली असेल," कर्ट तिच्याकडे बघत म्हणाला.

"तुझ्या बाबांची? स्वयंपाकघरात एक फरशी केसभर सरकली म्हणून त्यांनी अख्खी ओळ उखडली होती. आठवडाभर आपण अंगणात जेवलो."

"मग मुद्दाम? आई, तुला माहीत होतं?"

आर्डिस थर्मासचं झाकण फिरवत राहिली. माहीत होतं तर.

कर्टचा चेहरा उतरला. लहानपणी तो संघातला सगळ्यात संथ पोरगा. नऊ वर्षांचा असताना एकदा फटका मारून तो चेंडूच्या आधी या बेसवर पोचला होता, आणि त्याच्या खेळातली मिरवण्यासारखी गोष्ट म्हणजे तेवढीच. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ऑरिन ती गोष्ट ताटातली टर्की थंड होईपर्यंत सांगायचा. कर्टच्या मुलांनाही ती पाठ झाली होती.

"माझ्यासाठी सरकवला," कर्ट म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "आणि वर मलाच सांगायचे, पोरा, तू वाऱ्यासारखा पळालास. मी पहार आणतो. वर पाटीवर त्यांचं नाव आणि खाली असली लबाडी, हे नको."

"जा, आण. पण आधी ऐकून घे. तू पळालास तेव्हा अंतर पुरं साठ फूट होतं."

कर्ट जागीच थांबला.

"तू आउट झालास की न जेवता खोलीत जाऊन बसायचास. त्या दिवशी पोचलास. रात्री बूट काढू देईनास, मातीच्या बुटांनिशीच झोपलास. तुझे बाबा कितीतरी वेळ दारात उभे राहून बघत होते. मला म्हणाले, आर्डिस, प्रत्येक पोराला एकदा तरी असं झोपायला मिळालं पाहिजे. आणि सोमवारी कामावरून आले ते पहार घेऊनच इकडे. मी म्हटलं, अरे, ही फसवणूक झाली. तर म्हणतात कसे, दोन्ही संघांना तेवढंच पळायचंय, कुणाचं काय जातंय?"

"मला कधी बोलले नाहीत."

"कशाला बोलतील? तुला तुझ्याच पळण्याची शंका आली असती. आत्ता आलीच की."

 कर्टला वडिलांची इतकी आठवण आली, की त्यानं बेस उगाचच हातात घेऊन त्यावरची माती झटकली.

होम प्लेटपाशी पॉला अजून उकिडवीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कर्टनं खेळणं सोडलं, त्यानंतर चार वर्षांनी ती याच मैदानावर खेळायला आली होती.

"मीही एकदाच पोचले होते," ती म्हणाली. "अगदी थोडक्यात. मी बेसवरून उतरायलाच तयार नव्हते. सगळे ओरडत होते, खेळ अडलाय म्हणून. ऑरिन आला, माझी नाडी बांधली आणि म्हणाला, राहू दे, तिला जरा उभी राहू दे." तिनं बाहीनं नाक पुसलं. "लबाड म्हातारा."

आर्डिस हसली, आणि मग तिलाही डोळे पुसावे लागले.

कुंपणाबाहेर पहिली गाडी येऊन थांबली. दारं उघडली आणि गणवेशातली पोरं आरडाओरडा करत उतरली. कर्टनं बेस पुन्हा त्या नळीवर बसवला, पायानं दाबून पक्का केला आणि चुन्याची गाडी घ्यायला होम प्लेटकडे आला. पॉला फीत गुंडाळत होती.

"आणि लीगनं विचारलं तर?"

कर्टनं गाडी ढकलायला सुरुवात केली होती. मागे पांढरी रेघ उमटू लागली.

"सांग, माझ्या बाबांनी मोजलंय."