पाटावरचा डबा

खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला मी पाटावर लॅपटॉप, सुरी आणि नवऱ्याचं ड्रिल मांडलं. शेजारीच लेकीच्या अमेरिकन शाळेचा फॉर्म होता. गोळीबारापासून मुलांना वाचवायला शिक्षकांजवळ बंदूक असावी का? हो की नाही?

"हो लिही," नवरा म्हणाला. "पोलीस येईपर्यंत कोण आहे पोरांना?"

"आणि बाईंच्या पर्समधून एखाद्या पोराच्याच हाती लागली तर?"

"मग नाही लिही."

"पण खरंच कुणी आलं तर?"

"अगं, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

तेवढ्यात सहा वर्षांची शाल्मली दप्तरातून दुकानातला छोल्यांचा सीलबंद पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तिनं तो सुरीशेजारी ठेवला.

"हे माझं शस्त्र. बंदूकवाला वर्गात आला की सगळ्यांनी आपापला डबा फेकून मारायचा. मिसनी शिकवलंय."

शाळेनं डबा मागवला तेव्हा तो गरिबांना वाटायला असेल, असं समजून मी दिला होता.

"आई, माझा नेम चुकतो गं. बाप्पाला सांग ना."

मी डब्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. पण मागायचं काय, तेच कळेना.