पुन्हा पाय लागला

लागला! अण्णांचा पाय बस्टरला लागलाच.

नीलाची सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात! आधीच्या मालकाच्या बुटांच्या लाथा खाऊन या कुत्र्यानं पायांची धास्तीच घेतली होती. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून घरी आणल्यापासून नीला रोज त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसायची आणि चीजचे तुकडे मागे सरकवायची. तो तुकडे खायचा, पण माणूस वळला की टेबलाखाली!

आणि आज शेल्टरची कॅरोल फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. एकच प्रश्न उरला होता. कुत्रा स्वतःहून माणसाला स्पर्श करतो का? 'नाही'वर खूण झाली की उद्या सकाळी कायमचं झोपवायचं इंजेक्शन.

"आणखी पाचच मिनिटं," कॅरोल म्हणाली होती, आणि नेमके तेव्हाच अण्णा चहाला आले. अण्णा म्हणजे नीलाचे सासरे, कराडचे रिटायर्ड पोस्टमास्तर, सहा महिन्यांसाठी अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे आलेले. स्वयंपाकघरात कुत्रा हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं.

बस्टर टेबलाखाली अंग चोरून, डोळे मिटून लाथेची वाट बघत होता. अण्णा वाकले. जन्माच्या सवयीनं त्यांनी त्याच्या पाठीला हात लावला, तो आपल्या कपाळाला लावला आणि चहाचा कप उचलला.

"हे काय केलं त्यांनी?" कॅरोलनं विचारलं.

"माफी मागितली. पाय लागला की आमच्यात मागतात."

"कुत्र्याची?"

अण्णांना इंग्रजी चांगलं यायचं. "पाय लागला तो लागला," ते फणकारले. "मग कुत्रा असो नाहीतर कलेक्टर!"

बस्टरनं एक डोळा उघडला. लाथ आलीच नव्हती. कॅरोल मान खाली घालून फॉर्मवर तारीख घालत होती, १२ जानेवारी १९८४. अण्णा ओट्याशी उभे राहून चहा फुंकत होते. टेबलाखालून आधी नाक बाहेर आलं, मग कान, मग पोटावर सरपटत अख्खा बस्टर. नीलाला ओरडून कॅरोलला दाखवावंसं वाटत होतं, पण ओरडलं की तो पुन्हा टेबलाखाली! चल रे राजा, चल! बस्टरनं आपली पाठ अण्णांच्या लोकरी मोज्याला टेकवली आणि तो तसाच थांबला.

अण्णा वाकले. पाठीला हात, कपाळाला हात.

कॅरोलनं मान वर केली. "पुन्हा पाय लागला वाटतं त्यांचा," ती हळहळली आणि पेन 'नाही'वर टेकवलं.

"थांब!" नीला ओरडली. पण तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? कुत्र्यावर जीव जडलेली बाई ती.

तेवढ्यात अण्णाच खवळले.

"माझा कुठं लागला? मी जागचा हललो नाही! हाच येऊन पाय लावून घेतोय मघापासून. हा बघा, पुन्हा!"